न थांबणारी गोटी : बिलियर्डच्या टेबलावरचा इतिहास

टकरीचा धडा शिकवताना आपण फळ्यावर दोन वर्तुळे काढतो, एकाला बाण जोडतो आणि नियम सांगतो. समान वस्तुमानाच्या दोन गोळ्यांची समोरासमोर, पूर्ण स्थितिस्थापक टक्कर झाली तर ते वेगांची अदलाबदल करतात. चालता गोळा जागच्या जागी थांबतो आणि थांबलेला गोळा त्याच्या वेगाने निघून जातो. उदाहरण बहुधा बिलियर्डच्या चेंडूंचे असते. ते टेबल आपल्यापैकी फारच थोड्यांनी जवळून पाहिलेले असते.

मग मागच्या बाकावरचा एखादा विद्यार्थी खिशातून दोन सारख्या गोट्या काढतो आणि फरशीवर प्रयोग करतो. पहिली गोटी दुसरीवर नेमकी आपटते, क्षणभर थबकते, आणि पुन्हा सावकाश पुढे चालू लागते. "बाई, ही थांबत नाही!" आपण म्हणतो, "घर्षणामुळे." मुलगा गप्प बसतो. पण जरा विचार केला तर हे उत्तर आपल्यालाच अडचणीत आणते. घर्षण गती अडवते, असे आपणच शिकवले आहे. मग थबकलेल्या गोटीला तेच घर्षण पुढे कसे ढकलेल?

या प्रश्नाचे उत्तर १८३५ साली पॅरिसमध्ये छापले गेले. पण त्या उत्तराची गरज भासावी म्हणून आधी एका खेळात बरेच काही घडावे लागले. काठीच्या टोकाला चामडे आले, चामड्यावर भुकटी आली, लाकडी टेबलाच्या जागी दगड आला. ती सगळी हकीकत पाहू आणि मग गोटीकडे परत येऊ.

गवतावरून टेबलावर

बिलियर्डचे मूळ युरोपातल्या एका मैदानी खेळात आहे. गवतावर लाकडी गोळे ठेवायचे आणि दांड्याने ढकलत कमानीतून न्यायचे, असा तो खेळ होता. पंधराव्या शतकाच्या सुमारास तो घरात टेबलावर आला. टेबलावर हिरवे कापड अंथरले गेले ते गवताची आठवण म्हणून, आणि तो रंग आजतागायत टिकला. शेक्सपियरने तर सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या नाटकात क्लिओपात्राच्या तोंडी बिलियर्डचे नाव घातले. क्लिओपात्राच्या काळात हा खेळ नव्हता, पण शेक्सपियरच्या प्रेक्षकांना तो चांगलाच परिचित असणार.

सुरुवातीला चेंडू मारायला टोकदार काठी नव्हती. पुढे चपटे डोके असलेला दांडा असे आणि त्याने चेंडू ढकलायचा असे. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला की दांड्याचे जाड डोके तिथे मावत नसे. मग खेळाडू दांडा उलटा धरून त्याच्या बारीक शेपटीने चेंडूला टोचत. फ्रेंच भाषेत शेपटीला 'क्य' म्हणतात. आजचा 'क्यू' हा शब्द तिथून आला. अडचणीत वापरायची शेपटी पुढे मुख्य हत्यार बनली आणि डोके गळून गेले.

टकरीचे नियम

खेळाडू टेबलावर चेंडू ढकलत असताना विद्वान मंडळी टकरीच्या नियमांवर वाद घालत होती. देकार्त यांनी १६४४ साली टकरीचे सात नियम मांडले. त्यांतले बहुतेक चुकीचे होते. उदाहरणार्थ, लहान वस्तू कितीही वेगाने आली तरी स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला ती हलवू शकत नाही, असे एक नियम सांगत होता. कॅरम खेळणारे मूलही हा नियम सोंगटी मारून खोटा पाडू शकेल. सोंगटी स्ट्रायकरवर आदळली की स्ट्रायकर थोडा तरी सरकतोच.

डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५० च्या दशकात याचा नव्याने विचार केला. त्यांची युक्ती शिक्षकांना आवडावी अशी आहे. कालव्यातून संथपणे जाणाऱ्या नावेत एक माणूस दोन समान गोळ्यांची टक्कर घडवतो आहे आणि काठावरचा दुसरा माणूस ती पाहतो आहे, अशी कल्पना करा. नावेतल्या माणसाला दोन्ही गोळे समान वेगाने जवळ येऊन समान वेगाने परत फिरताना दिसतात. नावेचा वेगही तेवढाच असेल तर काठावरच्या माणसाला काय दिसेल? एक गोळा स्थिर आणि दुसरा येऊन त्याच्यावर आदळणारा. टकरीनंतर पहिला थांबलेला आणि दुसरा चालू लागलेला. घटना एकच, पाहणारे दोन. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६८ साली टकरीचा प्रश्न चर्चेला घेतला, तेव्हा वॉलिस, रेन आणि हायगेन्स या तिघांनी आपापली उत्तरे पाठवली. आपल्या पाठ्यपुस्तकातला अदलाबदलीचा नियम त्या वेळचा आहे.

याच नियमातून आणखी एक सुंदर गोष्ट निघते. टक्कर नेमकी समोरासमोर न होता तिरकी झाली तर दोन समान गोळे एकमेकांशी काटकोन करून निघतात. संवेग अक्षय्यतेमुळे टकरीनंतरच्या दोन वेगांची सदिश बेरीज मूळ वेगाएवढी असते, म्हणजे तिन्ही मिळून एक त्रिकोण होतो. गतिज ऊर्जेच्या अक्षय्यतेमुळे दोन वेगांच्या वर्गांची बेरीज मूळ वेगाच्या वर्गाएवढी असते. पायथागोरसचे प्रमेय ज्याने शिकवले आहे त्याला पुढचे सांगायला नकोच.

एवढे सगळे कळूनही एक गोष्ट हिशोबाबाहेर राहिली होती. हायगेन्सचे गोळे सरकतात, पण टेबलावरचा चेंडू गडगडतो. तो पुढे जातो आणि त्याच वेळी स्वतःभोवतीही फिरतो. या फिरकीचा शोध आधी खेळाडूंच्या हातांना लागला.

चामडे आणि खडू

काठीचे टोक नुसत्या लाकडाचे असताना चेंडूच्या मध्यावरच मारावे लागे. जरा बाजूला मारले की गुळगुळीत टोक चेंडूवरून निसटे. १८०७ च्या सुमारास फ्रान्सच्या सैन्यातले एक अधिकारी फ्रांस्वा मँगो यांनी काठीच्या टोकाला चामड्याची टिकली बसवली. ते तुरुंगात होते, तिथे बिलियर्डचे टेबल होते, आणि सरावासाठी शिक्षा वाढवून मागण्याइतके ते त्यात रमले होते, अशी हकीकत सांगितली जाते. तिच्यात पदरचे किती असेल ते असो. बाहेर आल्यावर त्यांचे फटके पाहून लोक थक्क होत, हे मात्र खरे. चेंडू समोरच्या चेंडूवर आदळून मागे परत येई, किंवा वाटेतच वळण घेई. १८२७ साली त्यांनी आपल्या फटक्यांचे पुस्तकही पॅरिसमध्ये छापले.

चामडे चेंडूला पकडते. त्यामुळे चेंडूला मध्याच्या वर, खाली किंवा बाजूला मारता येते आणि हवी ती फिरकी देता येते. चामड्याला खडूची भुकटी लावली की पकड आणखी वाढते. इंग्लंडमधल्या बाथ या गावी जॅक कार नावाचा खेळाडू चेंडू वळवणारी जादूची भुकटी म्हणून डब्या विकत असे. तो साधा खडूच होता, असे म्हणतात.

आजच्या बिलियर्डच्या खडूत खडू नसतो. अमेरिकन खेळाडू विल्यम स्पिंक्स आणि शिकागोचे रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ साली ज्या मिश्रणाचे पेटंट घेतले त्यात सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड यांचे बारीक, कठीण कण होते. विजेच्या शेगडीतली निक्रोमची तारही पुढे याच हॉस्किन्स यांच्या प्रयोगशाळेतून आली. आणि आपण तरी कुठे खडूने लिहितो? फळ्यावरचा आपला 'खडू' बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. खरा खडू कॅल्शियम कार्बोनेटचा. वस्तू बदलली तरी नाव टिकते, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे.

कोरिऑलिस यांचे पुस्तक

गास्पार कोरिऑलिस (१७९२–१८४३) हे नाव आपण भूगोलाच्या तासाला घेतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे वारे उत्तर गोलार्धात उजवीकडे वळतात, तो कोरिऑलिस परिणाम. बलाने केलेल्या 'कार्या'ला यामिकशास्त्रात आजचा नेमका अर्थ देण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. पॅरिसच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयात ते शिकवत. १८३५ साली फिरत्या चौकटीतल्या गतीवरचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी बिलियर्डच्या खेळाचे गणित मांडणारे त्यांचे पुस्तकही आले. खेळाडू जे हाताने करत होते त्याला समीकरणे मिळाली.

त्यांच्या विचाराचा गाभा आपण गोटीवर लावून पाहू. गडगडणाऱ्या भरीव गोळ्याजवळ दोन प्रकारची गती असते. पुढे जाण्याच्या गतीचा वाटा ५ मानला तर फिरकीचा वाटा २ येतो. (हे भाग जमिनीवरच्या स्पर्शबिंदूभोवतीच्या कोनीय संवेगाचे आहेत. भरीव गोळ्याच्या जडत्व परिबलात २/५ हा अंक येतो, तो इथे कामी येतो.) एकूण भाग ७.

आता टक्कर होते. गोट्या गुळगुळीत आहेत आणि एकमेकींना निमिषभरच शिवतात. त्यामुळे पहिलीच्या पुढे जाण्याच्या गतीचे ५ भाग दुसरीकडे जातात, पण फिरकीचे २ भाग पहिलीकडेच राहतात. म्हणून पहिली गोटी थबकते खरी, पण जागच्या जागी फिरत असते. चिखलात अडकलेल्या स्कूटरचे चाक जसे जागेवर गरगरते तसेच. चाकाला जरा कोरडी जमीन मिळाली की स्कूटर पुढे उसळते. गोटीचेही तेच होते. तिचा तळ जमिनीवर मागच्या दिशेने घासतो, म्हणून घर्षण तिला पुढे ढकलते. घर्षण नेहमी गतीला विरोध करते असे म्हणण्याऐवजी, ते स्पर्शाच्या ठिकाणच्या घसरण्याला विरोध करते, असे म्हटले की कोडे सुटते.

शेवटी पहिली गोटी मूळ वेगाच्या २/७ वेगाने गडगडू लागते. दुसरी गोटी फिरकीशिवाय निघते, थोडा वेळ घसरते, त्यात तिचा वेग कमी होतो आणि ती ५/७ वेगाने गडगडू लागते. थांबेपर्यंतचे अंतर ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ४ आणि २५ हे प्रमाण झाले. दुसरी गोटी पहिलीपेक्षा साधारण सहापट लांब जायला हवी.

तेव्हा मागच्या बाकावरचा तो विद्यार्थी चुकला नव्हता. पाठ्यपुस्तकही चुकले नव्हते. ते फक्त न फिरणाऱ्या गोळ्यांबद्दल बोलत होते, आणि तसे सांगायचे राहून गेले होते.

कोरिऑलिस यांनी आणखीही बरेच दाखवले. फिरकी दिलेला चेंडू घसरत असताना घर्षण बलाची दिशा व परिमाण कायम राहते. फेकलेल्या दगडावर गुरुत्वाकर्षण जसे काम करते तसेच हे झाले, म्हणून चेंडूचा मार्गही अन्वस्त असतो. घसरणे संपले की तो सरळ जातो. तसेच, गडगडणारा चेंडू दुसऱ्या समान चेंडूवर तिरका आदळला तर तो आपल्या मूळ दिशेपासून शेवटी जास्तीत जास्त सुमारे ३४ अंशांनी वळतो. समोरून पाहता अर्धा चेंडू झाकला जाईल अशी टक्कर झाली तर जवळजवळ एवढाच कोन मिळतो. पाव किंवा पाऊण चेंडू झाकला गेला तरी कोन २७ अंशांच्या खाली फारसा उतरत नाही. याचा अर्थ असा की नेम बराच हलला तरी आपला चेंडू साधारण ठरल्या वाटेनेच जातो. 'अर्ध्या चेंडूचा' फटका बिलियर्डमध्ये सर्वांत भरवशाचा का, याचे हे कारण. नवशिक्याला उस्ताद आधी हाच फटका घोटायला लावतात.

चांगला फटका म्हणजे काय?

आता खेळाच्या प्राथमिक तंत्राकडे पाहिले तर त्यातले विज्ञान सहज दिसते. खेळाडू टेबलावर इतका वाकतो की हनुवटी काठीला टेकते, म्हणजे डोळा, काठी आणि चेंडू एका उभ्या प्रतलात येतात. पुढचा हात टेबलावर रोवून बोटांचा 'पूल' करतो, म्हणजे काठीला पक्का आधार मिळतो. मागचा हात कोपरापासून लंबकासारखा झुलतो आणि खांदा हलत नाही. काठीचे टोक चेंडूला साधारण एक-दोन सहस्रांश सेकंदच शिवते. त्यानंतर खेळाडूने काहीही केले तरी चेंडूवर परिणाम होत नाही. तरीही फटक्यानंतर काठी सरळ पुढे जाऊ द्यावी, असे सगळे शिक्षक सांगतात. पुढे जाणारा हात आधीही सरळ आलेला असतो, हे त्याचे कारण.

चेंडूला कुठे मारावे? स्नूकरच्या चेंडूचा व्यास ५२.५ मिलिमीटर असतो. त्याच्या मध्यापासून त्रिज्येच्या २/५ म्हणजे साडेदहा मिलिमीटर वर मारले तर चेंडू पहिल्या क्षणापासून न घसरता गडगडतो. मध्यापासून साधारण अर्ध्या त्रिज्येपेक्षा, म्हणजे तेरा मिलिमीटरपेक्षा लांब मारले तर खडू लावलेले चामडेही निसटते. सगळी कारागिरी एवढ्या छोट्या वर्तुळात करायची असते. मध्याच्या वर मारले तर चेंडू टकरीनंतर पुढे चालत जातो. पुरेसे खाली मारले तर उलटी फिरकी शिल्लक राहते आणि तो मागे येतो. या दोहोंच्या मध्ये अशी एक जागा असते की उलटी फिरकी कापडावर घासून संपते त्याच क्षणी टक्कर होते. तेव्हा मात्र चेंडू अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखा जागच्या जागी थांबतो. ही जागा अंतराप्रमाणे बदलते, म्हणून ती सरावानेच हाताला कळते.

दगड, रबर आणि कापूर

हे बारकावे जमायचे तर टेबलही तसेच हवे. लाकडी टेबल हवेतल्या ओलाव्याने वाकते. इंग्लंडमधले कारागीर जॉन थर्स्टन यांनी १८२६ च्या सुमारास पाटीच्या दगडाचे टेबल आणले. आपल्या लहानपणी ज्या दगडाच्या पाट्या असत त्याच जातीचा हा दगड. तो थरांमध्ये फुटतो, घासून सपाट होतो आणि वाकत नाही. कडांना आधी कापडात लोकर किंवा केस भरत असत. १८३० च्या दशकात तिथे रबर आले. पण हिवाळ्यात ते कडक होई आणि खेळाआधी शेकावे लागे. गंधकासह तापवून रबराचे व्हल्कनीकरण करण्याची कृती १८४० च्या दशकात आली आणि हा प्रश्न सुटला. कडेचे हे कुशन चेंडूला मध्याच्या थोडे वर, व्यासाच्या सुमारे ६३ टक्के उंचीवर शिवते, म्हणजे चेंडू आपटून उडी मारत नाही.

उरला चेंडू. तो हस्तिदंती असे. एका सुळ्यातून मोजकेच चांगले चेंडू निघत आणि त्यासाठी हत्ती मारले जात. अमेरिकेतल्या फेलन आणि कॉलेंडर या टेबल बनवणाऱ्या कंपनीने १८६३ साली हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. जॉन वेस्ली हायट हा तरुण मुद्रक त्या खटपटीला लागला आणि १८७० च्या सुमारास नायट्रोसेल्युलोज आणि आपल्या देवघरातला कापूर यांपासून त्याने सेल्युलॉइड बनवले. नायट्रोसेल्युलोज हा बंदुकीच्या दारूचा भाऊबंद. हायटनेच पुढे सांगितले की कोलोराडोतल्या एका गुत्तेवाल्याने त्याला पत्र लिहिले होते. चेंडू आपटून कधीकधी बार होतो त्याबद्दल आपली तक्रार नाही, पण तो आवाज होताच खोलीतला प्रत्येक जण पिस्तूल काढतो, असे त्याचे म्हणणे होते!

अव्वल खेळाडू विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हस्तिदंतालाच चिकटून होते. पण सेल्युलॉइडपासून कंगवे, फण्या आणि छायाचित्रांची फिल्म बनली आणि प्लॅस्टिकचे युग सुरू झाले. आजचे चेंडू बेकलाइटच्या जातीच्या फिनॉलिक रेझिनचे असतात.

जबलपूरचा खेळ

या खेळाचा एक धागा आपल्याकडचाही आहे. १८७५ च्या पावसाळ्यात जबलपूरच्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी मेसमध्ये बिलियर्डच्या टेबलावर पैसे लावून खेळत बसत. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने प्रचलित खेळातल्या पंधरा लाल चेंडूंमध्ये इतर रंगांचे चेंडू मिसळून नवा खेळ रचला. लष्करी शाळेतल्या नवख्या पोरांना तेव्हा 'स्नूकर' म्हणून चिडवत. एकाचा सोपा फटका चुकल्यावर चेंबरलेनने त्याला तसे म्हटले, आणि मग या खेळात आपण सगळेच नवखे आहोत अशी सारवासारव केली. खेळाला नाव मिळाले. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहिले गेले. हे चेंबरलेन म्हणजे पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन नव्हेत.

साहेबांच्या क्लबातला हा खेळ भारतीयांनी आपलासा केला. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात हौशी खेळाडूंचे बिलियर्डचे जागतिक विजेतेपद मिळवले. वैयक्तिक खेळात भारताचा पहिला जगज्जेता म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ साली हाच मान मिळवला. पुण्यातच १९८५ साली जन्मलेले आणि बंगळूरमध्ये वाढलेले पंकज अडवाणी यांनी बिलियर्ड आणि स्नूकर या दोन्ही खेळांत जागतिक विजेतेपदे मिळवली.

तुक्का

इतके नियम माहीत असताना तुक्का कसा लागतो? कॅरम खेळताना आपली नेमलेली सोंगटी चुकते आणि भलतीच जाऊन पडते, तसे इथेही होते. इंग्रजीत त्याला 'फ्लूक' म्हणतात, आणि १८५७ साली हा शब्द छापील स्वरूपात दिसतो तो बिलियर्डच्याच संदर्भात. स्नूकरमध्ये तुक्क्याचे गुण मिळतात, पण खेळाडू हात वर करून प्रतिस्पर्ध्याची जणू माफी मागतो. पूलच्या आठ चेंडूंच्या आणि दहा चेंडूंच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मात्र चेंडू आणि भोक आधी सांगावे लागते. खेळाचे नियम करणाऱ्यांनाही कौशल्य कुठे संपते आणि नशीब कुठे सुरू होते हे ठरवावे लागले.

आपण हिशोब करून पाहू. समोरचा चेंडू १ मीटर दूर आहे आणि आपला नेम एक दशांश अंशाने चुकला. साडेपाच सेंटिमीटरच्या आतल्या त्या चेंडूवर टक्कर होताना ही चूक सुमारे १८ पट होते, म्हणजे तो १.८ अंश वाकडा जातो. त्याने आणखी १ मीटरवरच्या चेंडूला मारायचे असेल तर चूक पुन्हा १८ पट होऊन ३२ अंशांवर जाते. तिसऱ्याचे नावच नको. गोल पृष्ठभागावरची प्रत्येक टक्कर चुकीला गुणते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी १९७८ साली दाखवले की टेबलाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या गुरुत्वाकर्षणाचा नगण्य परिणामही अशा नऊएक टकरींनंतर चेंडूची दिशा बिघडवायला पुरेसा असतो. रशियन गणिती याकोव सिनाई यांनी १९७० साली अशाच आदर्श बिलियर्डचे गणित मांडले होते. त्यांना २०१४ साली आबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे तुक्क्याचा चेंडूही न्यूटनचे नियम पाळूनच भोकात जातो. नियम मोडलेला नसतो. आपले मोजमाप तेवढे अपुरे पडते. नियम माहीत असणे आणि भाकीत करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवामानाच्या अंदाजाबाबत हेच म्हणावे लागते, आणि तिथेही कोरिऑलिस यांची गाठ पडतेच. म्हणून पट्टीचा खेळाडू लांबलचक टकरींच्या वाटेला जात नाही. फटका मारतानाच तो पुढचा फटका जवळचा आणि सोपा मिळेल अशी व्यवस्था करतो. नशीब त्यालाही टाळता येत नाही, पण नशिबाला वाव किती द्यायचा हे तो ठरवतो.

वर्गात करून पाहा

बिलियर्डचे टेबल लागत नाही. सपाट फरशीवर पातळ चादर ताणून अंथरा आणि दोन सारख्या गोट्यांची समोरासमोर टक्कर करा. दोन्ही किती अंतरावर थांबतात ते पट्टीने मोजा. नेमके ४ आणि २५ हे प्रमाण येणार नाही. टक्कर पूर्ण स्थितिस्थापक नसते आणि नेमही चुकतो. दहा-वीस वेळा करून सरासरी काढा. दोन पट्ट्यांमधल्या खाचेत प्रयोग केला तर नेम चांगला साधतो, पण तिथे गोटी दोन कडांवर टेकते, जास्त वेगाने फिरते, आणि पहिली गोटी आणखी पुढे जाते. का, ते मुलांना विचारा.

मग कॅरमचा बोर्ड काढा. एका सोंगटीने दुसरीला नेमके समोरासमोर मारा. पहिली जवळजवळ तिथेच थांबते, कारण सोंगटी सरकते, गडगडत नाही. आता स्ट्रायकरने मारा. तो थांबत नाही, पण कारण वेगळे आहे. सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची आणि स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत असतो. गोटी फिरकीमुळे पुढे जाते आणि स्ट्रायकर वजनामुळे. दिसायला गोष्ट एकच, कारणे दोन. ती वेगळी काढायला मुलांना जमले तर टकरीचा धडा झाला असे समजावे.

आणि पुन्हा कधी एखादे मूल म्हणाले की पुस्तकात लिहिल्याप्रमाणे होत नाही, तर "घर्षणामुळे" म्हणून त्याला खाली बसवण्याआधी त्याची गोटी एकदा हातात घेऊन पाहावी.